फुटबॉलचे धनी

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या ईशान्य भागात न्यूटन हीथ नावाची कामगारवस्ती आहे. लँकेशायर आणि यॉर्कशायर रेल्वेचा डबे व वाघिणी बांधण्याचा कारखाना तेथे होता. त्या कारखान्यातील कामगारांनी १८७८ साली फुटबॉलचा एक क्लब काढला. हिरव्या व सोनेरी रंगाचे सदरे, चिखलाने भरलेले एक मैदान आणि अंगची हौस, एवढेच त्यांचे भांडवल होते. पुढे १८९२ साली हा क्लब देशातील पहिल्या श्रेणीत दाखल झाला. परंतु कीर्तीबरोबर खर्चही वाढत गेला, आणि १९०२ च्या आरंभी २,६७० पौंडांच्या देण्यापायी क्लब गुंडाळण्याचा हुकूम न्यायालयाने दिला.

अशा वेळी जॉन हेन्री डेव्हिस नावाचा एक श्रीमंत मद्य-कारखानदार पुढे आला. क्लबच्या कप्तानाचा कुत्रा हरवला, तो डेव्हिसच्या हाती लागला आणि त्या निमित्ताने दोघांची ओळख झाली, अशी आख्यायिका त्या शहरात सांगतात. तिच्यातील खरेखोटे काही असो. डेव्हिसने आपल्या सहकाऱ्यांसह पैसा उभा केला, क्लबची देणी भागवली आणि त्याला नवे नाव दिले. ते नाव म्हणजे मँचेस्टर युनायटेड. डेव्हिसच्या पैशावर चांगले खेळाडू आले, १९०८ आणि १९११ साली लीगचे अजिंक्यपद आले, १९०९ साली असोसिएशनचा चषक आला, आणि १९१० साली ओल्ड ट्रॅफर्ड येथे भव्य क्रीडांगण उभे राहिले. त्या क्रीडांगणासाठी सुमारे ६० हजार पौंडांची तजवीज एकट्या डेव्हिसने केली होती.

१९२७ साली डेव्हिस वारला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि पुन्हा दिवाळ्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. १९३१ च्या डिसेंबरात खेळाडूंचे वेतन द्यावयास पेटीत पैसा नव्हता. तेव्हा जेम्स गिब्सन नावाच्या, गणवेश शिवून देणाऱ्या कारखानदाराने २ हजार पौंड देऊन क्लब तगवला. आज जगातील अत्यंत मूल्यवान क्रीडासंस्थांत ज्याची गणना होते, त्या क्लबचा जीव असा दोनदा एकेका धनिकाच्या हातात येऊन राहिला होता.

फुटबॉलमध्ये धनिकांचा शिरकाव ही एकविसाव्या शतकाची करणी आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाही. पैसा खेळाबरोबर प्रथमपासूनच होता. बदलली ती धनिकाची क्लबमधील भूमिका. आरंभीचा धनिक हा आश्रयदाता होता, आणि नियमाने त्याला विश्वस्ताच्या मर्यादेत बांधून ठेवले होते. ती मर्यादा हळूहळू ढिली होत गेली आणि विश्वस्ताचा मालक झाला. युरोपीय फुटबॉलच्या आर्थिक भवितव्याचा आज जो प्रश्न उभा आहे, त्याचे मूळ या परिवर्तनात शोधावे लागते.

ही मर्यादा कोणती होती हे पाहणे उद्बोधक ठरेल. फुटबॉल असोसिएशन या इंग्लंडच्या सर्वोच्च संस्थेने १८८५ साली खेळाडूंना वेतन देण्यास मान्यता दिली. वेतन द्यावयाचे तर पैसा हवा, आणि पैसा हवा तर भागभांडवल हवे. म्हणून एकामागून एक क्लब मर्यादित कंपन्या होऊ लागले. खेळाच्या नावाने सट्टेबाजी सुरू होईल, ही भीती असोसिएशनला होती. तेव्हा तिने नियम घालून दिले. भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशावर मर्यादा आली. ती प्रथम शेकडा ५ होती, १९२० साली ती शेकडा साडेसात झाली. संचालकांनी क्लबकडून वेतन घ्यावयाचे नाही, असा दंडक होता. क्लब गुंडाळण्याची वेळ आलीच, तर देणी भागवून उरलेली मालमत्ता भागधारकांनी वाटून न घेता त्या परिसरातील क्रीडासंस्थांना अथवा धर्मादाय कार्यास द्यावी, असेही बंधन होते.

या नियमांचा अर्थ स्पष्ट आहे. क्लबच्या भागांवर कोणाचेही नाव असो, क्लब गावाचा आहे आणि तो गावासाठी राखावयाचा आहे, ही भावना त्यांत होती. गावातला मद्य-कारखानदार, शिंपी, खाटीक, गिरणीवाला क्लबचा संचालक होई तो प्रतिष्ठेसाठी. शनिवारी दुपारी आपल्या गावकऱ्यांच्या सलामांचा स्वीकार करीत पहिल्या रांगेत बसण्याचा मान मिळावा म्हणून. त्यात अहंकार नव्हता असे नाही. परंतु तो अहंकार गावातल्या गावात राहत असे, आणि क्लबच्या पेटीतून पैसा बाहेर काढण्याची वाट त्याला मोकळी नव्हती.

याच्या जोडीला दुसरे एक शहाणपण त्या काळी होते. फुटबॉलचा धंदा हा इतर धंद्यांसारखा नाही. शेजारचे दुकान बुडाले तर दुकानदाराचे गिऱ्हाईक वाढते. शेजारचा संघ बुडाला तर खेळावयास प्रतिपक्षच उरत नाही. १८८८ साली विल्यम मॅग्रेगर या कापडदुकानदाराच्या पुढाकाराने बारा क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली, तिचा पाया हाच होता. पुढे सामन्याच्या उत्पन्नातील काही वाटा यजमानाने पाहुण्या संघास द्यावा असा प्रघात पडला. त्यामुळे मोठ्या शहरातील क्लबची गर्दी लहान गावच्या क्लबलाही थोडीफार पोसत असे.

तथापि या जुन्या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणणे अन्यायाचे होईल. तिचा सर्वांत मोठा भार खेळाडूंच्या माथी होता. १९०१ साली खेळाडूंचे कमाल वेतन आठवड्याला ४ पौंड ठरवण्यात आले. मर्यादा पुढे वाढत गेली खरी, परंतु १९६१ साली ती रद्द झाली तेव्हाही ती केवळ २० पौंड होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मैदानांवर लोटलेल्या अफाट गर्दीचा पैसा त्या गर्दीला आकर्षित करणाऱ्या तरुणांच्या हाती फारसा पडत नव्हता. कराराची मुदत संपली तरी क्लबच्या अनुज्ञेवाचून खेळाडूस दुसरीकडे जाता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यायालयात दाद मागितली आणि १९६३ साली या पद्धतीला न्यायालयाने गैरवाजवी ठरवले, तेव्हा कोठे ही बेडी सैल झाली. कमाल वेतनाची अट जाताच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. परंतु खेळाडूच्या बाजूने पाहता तो उशिरा मिळालेला न्याय होता.

जुन्या संचालकांच्या विश्वस्तपणाला दुसरेही एक वैगुण्य होते. क्लबमधून पैसा काढावयाचा नाही हा नियम त्यांनी पाळला, परंतु क्लबमध्ये पैसा घालण्याचे कर्तव्य पुष्कळांनी पाळले नाही. स्टेडियमे जुनाट झाली. १९८५ साली ब्रॅडफर्ड येथे लाकडी प्रेक्षागृहाला आग लागून ५६ माणसे मृत्युमुखी पडली. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत ९७ जणांचे प्राण गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने वरच्या श्रेणींतील सर्व प्रेक्षकांना बसण्यासाठी आसने असावीत असा आग्रह धरला. हे काम शनिवारच्या तिकिटविक्रीतून होण्याजोगे नव्हते. त्याला मोठे भांडवल हवे होते. मालक आले ते केवळ लोभाच्या वाटेने आले असे म्हणता येत नाही. जुन्या विश्वस्तांनी मोकळी सोडलेली जागाही त्यांच्या स्वागताला होती.

या इतिहासात १९८३ हे साल निर्णायक ठरते. त्या वर्षी लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परने आपले भाग शेअरबाजारात विक्रीस काढले. लाभांशाच्या मर्यादेचा नियम क्लबला लागू होता. म्हणून क्लबच्या डोक्यावर एक वेगळी कंपनी उभारण्यात आली आणि भाग विकले गेले ते त्या कंपनीचे. नियमाचे शब्द शाबूत राहिले, त्याचा प्राण मात्र गेला. त्याच वर्षी लीगमधील सामन्यांच्या उत्पन्नात पाहुण्या संघास वाटा देण्याची पद्धतही बंद झाली. ज्याचे मैदान त्याचा पैसा, हा नवा न्याय सुरू झाला.

पुढचा टप्पा १९९२ चा. पहिल्या श्रेणीतील क्लब जुन्या लीगपासून वेगळे झाले आणि प्रीमियर लीग स्थापन झाली. तिच्या सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा पाच वर्षांचा करार ३० कोटी ४० लाख पौंडांचा म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी युरोपीय चषकाचे रूपांतर चॅम्पियन्स लीगमध्ये झाले. १९९५ च्या डिसेंबरात बॉस्मन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपलेल्या खेळाडूस मूल्य न देता दुसऱ्या क्लबकडे जाता यावे, आणि युरोपीय संघाच्या नागरिकांवर परदेशी म्हणून संख्येची बंधने घालता येणार नाहीत. प्रक्षेपणाचा पैसा वरून आला आणि खेळाडूंच्या बाजारातील कुंपणे खालून गेली. आता ज्याच्यापाशी अधिक धन, त्याच्यापाशी अधिक चांगला संघ, हे समीकरण बनले.

या नव्या जगात धनिकांचे तीन प्रकार दिसून येतात, आणि प्रत्येकाचे उदाहरण इंग्लंडमध्येच सापडते.

पहिला प्रकार जुन्या आश्रयदात्याचा. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचा रहिवासी. पोलादाच्या व्यापारात त्याने अमाप संपत्ती मिळवली आणि १९९१ साली आपल्या गावच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबचा ताबा घेतला. हा क्लब १८८८ च्या मूळ बारांपैकी एक. परंतु त्या वेळी तो दुसऱ्या श्रेणीत खितपत होता. वॉकरने नामांकित प्रशिक्षक आणला, ॲलन शिअररसारखा खेळाडू आणला, मैदान नव्याने बांधले, आणि १९९५ साली या लहानशा गिरणगावाने इंग्लंडचे अजिंक्यपद पटकावले. परंतु चारच वर्षांनी, १९९९ साली, तोच क्लब खालच्या श्रेणीत गेला. २००० साली वॉकर वारला.

त्यानंतर या क्लबचा संबंध महाराष्ट्राशी जडला. २०१० च्या नोव्हेंबरात कुक्कुटपालनाच्या व्यवसायातील पुण्याच्या वेंकीज या उद्योगसमूहाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. अनुभवी प्रशिक्षकास महिन्याभरातच निरोप देण्यात आला. २०१२ साली क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला, २०१७ साली तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला, आणि २०१८ साली पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला. गावातील चाहत्यांनी निषेधाच्या सभा घेतल्या, मैदानावर कोंबड्या सोडल्या. दुसऱ्या बाजूने, याच मालकांनी वर्षानुवर्षे तोटा सोसून क्लबची देणी भागवली हेही खरे आहे. पुढे भारतात चाललेल्या चौकशीमुळे इंग्लंडला पैसा पाठवण्यासाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची अनुमती मागावी लागली. लँकेशायरमधील खेळाडूंचे वेतन दिल्लीतील न्यायालयाच्या आदेशावर अवलंबून राहावे, हा योगायोग जागतिक मालकीचे स्वरूप जितके उघड करतो तितके एखादा ग्रंथही करू शकणार नाही. गोव्यातील वाचकांना तर आश्रयदात्याच्या हाताची किंमत वेगळी सांगावयास नको. देंपो आणि साळगावकर या संघांनी मिळवलेली राष्ट्रीय अजिंक्यपदे खाण-उद्योगातील घराण्यांच्या पाठबळावरच उभी होती.

दुसरा प्रकार अमर्याद संपत्तीच्या मालकाचा. २००३ साली रोमन अब्रामोविच या रशियन धनाढ्याने लंडनचा चेल्सी क्लब, त्याच्या कर्जासह, सुमारे १४ कोटी पौंडांना घेतला. पुढील एकोणीस वर्षांत त्याने क्लबला कर्जाऊ दिलेली रक्कम सुमारे १५० कोटी पौंडांवर गेली. त्या पैशाने लीगची पाच अजिंक्यपदे आली, २०१२ आणि २०२१ साली चॅम्पियन्स लीगही आली. मग २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. १० मार्च रोजी ब्रिटिश सरकारने अब्रामोविचची मालमत्ता गोठवली, आणि युरोपचा तेव्हाचा विजेता क्लब एका दिवसात सरकारी परवान्यावर आला. नवी तिकिटे विकण्यास बंदी झाली, खेळाडूंचे नवे करार थांबले, प्रवासखर्चावरही मर्यादा आली. अखेर मे महिन्यात क्लब अमेरिकन भांडवलदारांच्या एका गटास २५० कोटी पौंडांना विकला गेला, आणि ती रक्कम गोठवलेल्या खात्यात ठेवण्यात आली.

या प्रकारात पुढे व्यक्तींच्या जागी राजघराणी व राज्येच अवतरली. २००८ साली अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांनी मँचेस्टर सिटी घेतला. २०११ साली कतारच्या सरकारी गुंतवणूकसंस्थेने पॅरिस सें-जर्मेन घेतला. २०२१ साली सौदी अरेबियाच्या सार्वजनिक निधीने न्यूकॅसलची बहुतांश मालकी मिळवली. पॅरिसच्या क्लबने २०१७ साली नेमार या एका खेळाडूसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. मँचेस्टर सिटीने २०२३ साली आणि पॅरिसने २०२५ साली चॅम्पियन्स लीग जिंकली. नफा हा येथे मुख्य हेतू नसतो. राष्ट्राची प्रतिमा, व्यापारी संबंध आणि राजकीय वजन ही त्याची फळे मानली जातात. ज्याला तोट्याची भीती नाही अशा स्पर्धकापुढे साध्या कारखानदाराने टिकावे कसे?

तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण आहे. २००५ साली अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर ठेवला. घर विकत घेणाऱ्याने घराचे कर्ज घरातील भाडेकरूंकडून फेडून घ्यावे, तसा हा व्यवहार होता. डेव्हिस आणि गिब्सन यांनी क्लबमध्ये पैसा घातला होता. येथे क्लबच्या उत्पन्नातून मालकाच्या खरेदीचे व्याज जाऊ लागले. गिब्सनच्या काळापासून कर्जाच्या ओझ्यातून मुक्त असलेला क्लब पुन्हा ऋणको झाला. काही चाहत्यांनी रागाने वेगळा होऊन आपला स्वतःचा क्लब काढला. २०१० साली ओल्ड ट्रॅफर्डवर हजारो प्रेक्षक हिरव्या-सोनेरी पट्ट्या गळ्यात घालून बसू लागले. ते रंग न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचे होते. शतकापूर्वी विस्मृतीत गेलेले हे रंग लोकांनी पुन्हा बाहेर काढले, त्यातून क्लब कोणाचा या प्रश्नाचे उत्तर ते देत होते.

युरोपच्या मुख्य भूमीवर याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधण्यात आली. इटलीत उद्योगपतींची परंपरा जुनी. तूरिनचा युव्हेंतुस क्लब १९२३ पासून मोटारी बनवणाऱ्या आन्येल्ली कुटुंबाच्या छत्राखाली आला. पण त्याच इटलीतील पार्मा क्लबची कथा बोधप्रद आहे. पारमालात या दुग्धव्यवसायातील कंपनीच्या पैशावर या मध्यम शहराच्या संघाने १९९५ आणि १९९९ साली युएफा चषक जिंकला. २००३ च्या अखेरीस त्या कंपनीच्या हिशेबांतील अब्जावधी युरोंची अफरातफर उघडकीस आली आणि कंपनी कोसळली. क्लब काही वर्षे धडपडला, शेवटी २०१५ साली दिवाळखोर होऊन चौथ्या श्रेणीतून त्याला नवा जन्म घ्यावा लागला.

जर्मनीने अधिक सावध मार्ग धरला. १९९८ साली क्लबांना कंपन्या होण्यास परवानगी मिळाली, परंतु मतांचे अर्ध्याहून अधिक बळ सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे असा नियम झाला. लेव्हरकुसेनसारखे, कारखान्यांशी पूर्वापार जोडलेले काही क्लब अपवाद ठरले. तिकिटे स्वस्त राहिली, मैदाने भरलेली राहिली. मात्र स्पर्धा समतोल राहिली नाही. २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा अजिंक्यपदे एकट्या बायर्न म्युनिकने मिळवली. स्पेनमध्ये बार्सेलोना हा सभासदांच्या मालकीचा क्लब. तेथे कोणी धनाढ्य मालक नाही. तरीही अवाढव्य वेतनांपायी तो कर्जात इतका रुतला की २०२१ साली लिओनेल मेस्सीला त्याला निरोप द्यावा लागला. यावरून मालक धनिक नसला म्हणजे क्लब आपोआप सुरक्षित होतो असे नाही, हे दिसते. मालकी कोणाची हा प्रश्न मोठा आहे. उत्पन्नाच्या मानाने खर्च करण्याची शिस्त हा त्याच्याइतकाच मोठा प्रश्न आहे.

ही शिस्त आणण्यासाठी युएफा या युरोपीय संघटनेने २०१० साली आर्थिक नियमावली केली. क्लबांनी मिळवले त्याहून फार अधिक खर्चू नये, हे तिचे सार. २०२२ साली त्यात बदल होऊन संघावरील खर्च उत्पन्नाच्या शेकडा ७० पर्यंत टप्प्याटप्प्याने आणावा असे ठरले. या नियमांवर एक आक्षेप वाजवी आहे. ज्याचे उत्पन्न आधीच मोठे, त्याला खर्चाची मुभाही मोठी. नव्याने वर येऊ पाहणाऱ्याचे पाय मात्र बांधले जातात. तटबंदी बांधली ती आधीच आत शिरलेल्यांच्या सोयीची झाली, अशी टीका म्हणूनच झाली.

वरच्या मजल्यावर कोट्यवधींचे हे खेळ चालले असता तळमजल्यावर काय घडत होते, हे एका वर्षाच्या दोन घटना सांगतात. २०१९ च्या मे महिन्यात मँचेस्टर सिटीने असोसिएशन चषकाचा अंतिम सामना ६-० असा जिंकला आणि १९०३ सालच्या विक्रमाची बरोबरी केली. तो जुना विक्रम होता बरी या क्लबचा. बरी हे मँचेस्टरच्या उत्तरेला, त्याच महानगर परिसरात वसलेले गाव. १८८५ साली स्थापन झालेला हा क्लब आदल्या वर्षी एका पौंडाला विकला गेला होता. सिटीच्या विक्रमानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, आपल्याजवळ पुरेसा पैसा असल्याचा पुरावा देता न आल्यामुळे बरीला लीगमधून काढून टाकण्यात आले. मैदानाची झाडलोट करावयास चाहते हातात केरसुण्या घेऊन आले होते, शेवटच्या क्षणी काही मार्ग निघेल या आशेने. तो निघाला नाही. आजोबांच्या बोटाला धरून ज्या दारातून मुले आत जात, त्या दाराला कुलूप पडले. पुढे चाहत्यांनीच ते मैदान मिळवले आणि २०२३ साली बरी पुन्हा तेथे खेळू लागला, पण कितीतरी खालच्या पायरीवर.

बरीच्या शोकांतिकेने जे झाले नाही ते श्रीमंतांच्या एका चुकीने घडवून आणले. १८ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंड, स्पेन आणि इटलीतील बारा बड्या क्लबांनी आपली स्वतंत्र सुपर लीग जाहीर केली. संस्थापक क्लबांना तिच्यात कायमचे स्थान असावयाचे होते. हरले तरी ते खाली जाणार नव्हते. मालकाच्या दृष्टीने ही योजना तर्कशुद्ध होती, कारण गुंतवणुकीतील सर्वांत मोठा धोका म्हणजे पराभव, आणि पराभवाची शिक्षाच ती रद्द करीत होती. परंतु ज्या खेळात पराभवाला अर्थ नाही त्यात विजयालाही अर्थ उरत नाही, हे लोकांना उमगावयास वेळ लागला नाही. चेल्सीच्या मैदानाबाहेर त्याच क्लबचे चाहते रस्त्यात उतरले. जर्मनीचे क्लब सभासदांच्या धाकाने आधीच दूर राहिले होते. अठ्ठेचाळीस तासांच्या आत सहाही इंग्रज क्लबांनी माघार घेतली.

त्या प्रक्षोभातून चौकशी झाली, चौकशीतून शिफारशी आल्या, आणि २०२५ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधील फुटबॉलच्या कारभाराविषयीचा कायदा संमत झाला. वरच्या पाच श्रेणींतील क्लबांवर देखरेख करणारा स्वतंत्र नियामक त्याने निर्माण केला. क्लबला परवाना लागणार, मालकाच्या धनाची व चारित्र्याची छाननी होणार, मैदान विकताना, बोधचिन्ह किंवा रंग बदलताना लोकांचे म्हणणे विचारात घ्यावे लागणार. २०१२ साली कार्डिफच्या मालकाने क्लबचा शंभर वर्षांचा निळा रंग बदलून तांबडा केला होता आणि लोकांच्या रोषामुळे २०१५ साली तो मागे घ्यावा लागला होता. असल्या लहरीला आता कायद्याचा अडसर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असोसिएशनने जे काम लाभांशाच्या नियमाने केले होते, तेच काम आता संसदेला हाती घ्यावे लागले आहे.

हा कायदा किती पुरा पडेल हे काळ ठरवील. राज्यांच्या तिजोऱ्यांपुढे आणि जगभर क्लब विकत घेत फिरणाऱ्या गुंतवणूकसंस्थांपुढे एका देशाचा नियामक तोकडा पडण्याचा संभव आहे. धनिकांना खेळातून हद्दपार करणे शक्य नाही, आणि तसे करणे इष्टही नाही. डेव्हिस नसता तर मँचेस्टर युनायटेड नसता, वॉकर नसता तर ब्लॅकबर्नच्या एका पिढीला आयुष्यभर पुरणारा आनंद मिळाला नसता. परंतु सव्वाशे वर्षांच्या या इतिहासातून एक कसोटी निश्चित हाती लागते. धनिक क्लबमध्ये किती पैसा घेऊन आला याची चर्चा पुष्कळ होते. तो गेल्यावर क्लबचे मैदान, क्लबचे नाव आणि क्लबची पेटी कोणत्या स्थितीत राहील, याची विचारपूस तो येतानाच झाली पाहिजे. ती विचारपूस बरीच्या बाबतीत कोणी वेळेवर केली असती, तर त्या केरसुण्यांचा उपयोग झाला असता.